हृदयामागची जागा

स्टोकची माणसं बशी हातात आली की आधी उलटी करतात,
मागचा शिक्का बघतात, कुणाच्या भट्टीतली ते ठरवतात,
मगच बिस्किट.
मिरजेहून नवी आले तेव्हा मला हा उद्धटपणा वाटला.
आता मीही कुणाकडे गेले की
चहा संपायच्या आत कप कलंडवते.

एक्स-रे उलटा करून बघता येत नाही.

एकोणनव्वदचा नोव्हेंबर. डोरीन हॅसल, वय एकावन्न,
पंधराव्या वर्षापासून कपांवर गुलाब रंगवत आलेली,
सिगारेट कधी ओठाला लावलेली नाही.
नुसता खोकला. "कारखान्यातली धूळ गं, डक," म्हणाली.
डक म्हणजे बदक; इथे प्रेमाने सगळेच बदक, डॉक्टरसुद्धा.
मी फिल्म दिव्यावर चढवली,
बरगडी बरगडी मोजत दोन्ही फुप्फुसं पाहिली
आणि खाली सही केली: दोष नाही.

ते डाव्या बाजूला होतं, हृदयाच्या सावलीत,
पाहुणे आले की पोर आईमागे उभं राहतं
तसं.

फेब्रुवारीत ती परत आली, तेव्हा एका वाक्याला
तिचा दम पुरत नव्हता.
मे महिन्यात तिचा मुलगा वर्तमानपत्रात गुंडाळलेला
एक कप देऊन गेला.
त्याला ठाऊक होतं का, ते मी विचारलं नाही.
त्यानेही नाही.

त्यापुढच्या तेहेतीस वर्षांना माझ्या निरोपाच्या भाषणात
'कारकीर्द' म्हणाले.
अर्ज, नकार, पुन्हा अर्ज.
चारशे बारा माणसांची चाचणी;
औषधाने सरासरी सव्वीस दिवस जास्त दिले.
एका परीक्षकाने समासात लिहिलं: लाभ माफक.
त्या सव्वीसांतल्या एका रविवारी
आर्थर कोलक्लफचं कबुतर फ्रान्सहून घरी पोचलं.
पंधरावा नंबर. त्याने मला पत्र पाठवलं,
पिसासकट.

मग एक गोळी आली. शोधली दुसऱ्यांनी,
आम्ही फक्त कुणाला लागू पडते ते मोजलं.
जनुकात एका अक्षराची चूक असणाऱ्यांना, बहुतेक
कधीच न ओढणाऱ्यांना.
डोरीनचा नखाएवढा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात
तळघरात होता. रीतसर परवानगी काढली, तपासला.
तीच चूक.
गोळी एकवीस वर्षं उशिरा आली,
आणि मी तीन महिने. या दोन्ही आकड्यांची बेरीज
कोणत्याच तक्त्यात बसत नाही.

इफेओमा, आमची नर्स, एकदा म्हणाली, तुझ्या भाषेत
याला काय म्हणतात?
गाठ, म्हटलं. आणि भेटीला? तेही गाठच.
आठवण राहावी म्हणून पदराला मारतात ती?
तीही.
"मग तुम्ही रुग्णाला सांगता तरी कसं?"
सांगतो. घसा खाकरून.

आता स्कॅनर लॉरीत बसवलाय,
सुपरमार्केटच्या आवारात, ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी.
छातीचे पातळ पातळ काप पडद्यावर सरकतात,
पाव कापावा तसे,
आणि मी प्रत्येक वेळी आधी हृदयामागे जाते.
नवी मुलं हसतात: मॅडम, यंत्र ते स्वतःच बघतं.
बघू दे.

माझा शेवटचा शुक्रवार. बॅझिल टर्नॉक,
भट्टीवर चाळीस वर्षं, हातात दुधाची पिशवी.
उजव्या वरच्या कोपऱ्यात पाच मिलिमीटर,
मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी.
"आहे की नाही, एवढंच सांग, डक."
माहीत नाही, म्हटलं. तीन महिन्यांनी पुन्हा बघू.
"तू असशील?"
दुसरं कुणी असेल.
त्याने मान हलवली, टोपी घातली,
पायऱ्या उतरताना मध्येच थांबून
एकदा खोल श्वास घेऊन पाहिला,
आणि लोणी राहिलं म्हणत पुन्हा दुकानात शिरला.