फडकी

एल आल्तोत रात्री फडकी वाळत नाहीत,
गोठतात.
पहाटे दोरीवरून ओढली की
पत्र्यासारखी वाजतात.
मी ती मिनीबसच्या इंजिनावर पसरतो,
पहिली फेरी संपेस्तोवर नरम पडतात,
डिझेलचा वास प्यालेली.
तशीच घरी आणतो.

सतरावा दिवस.

पहिल्या दिवशी आम्ही हसलो होतो.
दात येत असतील, बासिलिया म्हणाली.
चौथ्या दिवशी तिने दातांचं नाव काढलं नाही.
नवव्या दिवसापासून मी मोजायला लागलो:
अकरा, चौदा, नऊ.
नऊवर खूश झालो,
भाड्यातून दोन पैसे जास्त सुटावेत तसा.

रुफीनो, माझा कंडक्टर, विचारतो,
बायकोला हात नाहीत का रे?
आहेत की. दोन आहेत.
एक पोरीच्या मानेखाली,
एकात चमचा.
मीठ-साखरेचं पाणी, दर दोन मिनिटांनी चमचाभर.
ओकली तर दहा मिनिटं थांबायचं,
मग पुन्हा पहिल्यापासून, न चिडता.
ते 'न चिडता' नर्सने सांगितलं नव्हतं.
आमचं आम्ही शिकलो,
दोनदा चिडून.

नर्स एदुविहेस पोटाची कातडी चिमटीत धरते,
सोडते, बघते.
मीही बघतो.
कातडी सपाट व्हायला किती वेळ घेते
एवढ्यात माझं सगळं घर मावतं.
पाणी अजून उकळू द्या, म्हणते,
या उंचीवर ते लवकर बुडबुडतं
पण हवं तेवढं तापत नाही.
एकतीस वर्षं मी या पाण्यावर वाढलो
आणि ते नुसतं उकळल्याचं सोंग करतं
हे मला कुणी बोललं नाही.

टँकर मंगळवारी येतो.
रविवारी निळ्या पिंपाच्या तळाशी
चार बोटं.
पिण्याचं म्हणावं, की फडक्यांचं?

दोन्या फेलिपा म्हणते,
पोरीचा जीव दचकून कुठेतरी मागे राहिलाय.
तिन्हीसांजेला ती झबलं घेऊन चौकात उभी राहते,
हाक मारते,
नीना, ये गं, घरी ये.
नीना म्हणजे आमच्या भाषेत विस्तव.
मी चमच्यात झिंकची गोळी
आईच्या दुधात विरघळवत ऐकत राहतो.
तिला थांबवत नाही.
हाकेला पाणी लागत नाही.

त्या रात्री फडकं कोरडं निघालं.
बासिलिया हसली.
मग हसू अर्ध्यावर राहिलं.
कोरडं म्हणजे थांबली,
की कोरडं म्हणजे आत काही उरलंच नाही?
टाळूवर बोट ठेवलं.
बोट खाली गेलं.
डोळे मिटूनही पुरते मिटलेले नव्हते.
दवाखाना सहाला उघडतो,
गाडीत डिझेल आहे, किल्ली खिशात आहे,
असं मी मोठ्याने म्हणत होतो
आणि ती म्हणत होती, चमचा दे.
चमचा.
चमचा.
छातीशी धरली तर थोडं ओढलं, सोडलं,
पुन्हा ओढलं.
मी तिला मांडीवर घेतलं तेव्हा
ती एका पावाएवढी हलकी लागली, खरंच,
मी उगीच काही म्हणत नाही.

साडेचारला मांडीवर ऊब पसरली.
मोबाईलचा उजेड धरला.
पिवळं. पातळ. डाग नाही, आव नाही.
नुसती मुतली होती.
बासिलियाने हात लावून बघितलं,
मग तोच हात तोंडावर ठेवला
आणि तशीच बसून राहिली.

उद्या पुन्हा पाच होतील, सात होतील,
एदुविहेस आधीच म्हणालीय,
असं एका रात्रीत सुटत नसतं.

माझ्याकडे एकच पँट.
तीच घालून मी गाडी काढली,
इंजिनावर फडकी, मांडीवर गार होत चाललेली ओल.
दारात लोंबकळत रुफीनो म्हणाला,
कसला वास येतोय रे?
मी काही बोललो नाही.
काच वर चढवून घेतली,
तो बाहेर जाऊ नये म्हणून.