मनोरीचा मांडव

सातबाऱ्यावरून कोलासो गेले, मी आले.
बास्त्यांव जागचा हलला नाही:
"बाई, कात्री आणा. ऑक्टोबर थांबत नाही."

मांडवावर नऊ वर्षांचा घेवडा,
खाली कुणाचीतरी उलटी होडी.
त्यानं नखानं खोडाची साल खरवडली.
आत हिरवं, एवढंसं.
"हाय," म्हणाला,
नाडी सापडल्यासारखा.

मग मासळीची कुटी, विहिरीचं मचूळ पाणी,
फेरीबोटीतून मांडीवर आणलेली नाशिकची चार कलमं.
बँकेचे हप्ते.

तिसऱ्या वर्षी अकरा घड.
रेमीला कॅनडात फोटो पाठवला.
दोन दिवसांनी उत्तर:
"पपा पहिला घड विहिरीत सोडायचा.
का, ते कधी विचारलं नाही."

काठावर उभी राहिले.
मूठ उघडेना.
बास्त्यांव दुसरीकडे बघत होता.

सोडला.
आवाज यायला
जरा वेळ लागला.