बुधवार, दोन ते चार

वेळापत्रक मी करते.
जूनचे तीन आठवडे, संगणकाच्या एका चौकटीत
साडेतीनशे मुलं, एकोणतीस शिक्षक, अकरा खोल्या
आणि चालणारा प्रोजेक्टर एक.

हॉटेल मॅनेजमेंटला सकाळ लागते,
दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहवत नाही.
डेटा सायन्सला एसी. मुलांसाठी नव्हे, यंत्रांसाठी.
पोर्तुगीज ऐच्छिक, तरी चाळीस जण दाटीवाटीनं बसतात,
पासपोर्टसाठी. कुणी लपवतही नाही.
आणि सगळ्यांना सुटायचं असतं सव्वासहाच्या आत,
कारण कदंबाची शेवटची बस
सांग्याच्या या सड्यावर
कुणासाठी दोन मिनिटंही थांबत नाही.

हे पूर्वी खाण कंपनीचं ऑफिस.
फाटकातला वजनकाटा अजून तसाच आहे,
मुलं स्कूटर घेऊन त्याच्यावरून जातात,
काटा किंचित दबतो
आणि कुणी बघत नाही किती भरलं ते.

गेल्या वर्षी एका ओळीत होतं:
भूशास्त्र. विद्यार्थी एक.
प्रजय वेळीप, नेत्रावळीचा.
बाप खनिजाचा ट्रक चालवायचा,
याच काट्यावर दिवसाला सहा खेपा.
आता ट्रक नाही. बाप आहे, काजूच्या बागेत.
शिकवायला कोन्सेसांव बाई,
निवृत्तीनंतर करारावर घेतलेल्या,
पर्समध्ये भिंग आणि कॅण्टीनमधला उरलेला पाव.

रजिस्ट्रार सरांचं परिपत्रक आलं:
पाचाखाली विद्यार्थी असल्यास खोली देऊ नये.
मी खोली काढून घेतली.
नियमाप्रमाणे ओळही पुसायची होती.
तेवढ्यात प्रजय खिडकीशी आला,
'बाय, म्हजो विशय खंय गेलो?'
विषय हरवतो तो काय छत्रीसारखा,
असं काहीतरी मी बोलणार होते.
बोलले नाही.
खोलीच्या रकान्यात टाइप केलं: बाहेर.

मग दर बुधवारी, दोन ते चार,
माझ्या खिडकीतून दिसायचे दोघे.
बाई पुढे, एका हातात साडीचा काठ, दुसऱ्यात हातोडी,
तो मागे, वही पोटाशी धरून.
श्रावणात सडाभर निळी-जांभळी इवली फुलं आली,
बाई म्हणाल्या, पाय जपून ठेव, ही किडे खाऊन जगतात,
या दगडात दुसरं काही मिळत नाही ना त्यांना.
त्यानं ते लिहून घेतलं.
परीक्षेत येणार नव्हतं, तरी.

एकदा दोघे फाटकापाशी उकिडवे बसलेले,
काट्याच्या फटीतून लाल माती खरवडत.
'टक्का सांग,' बाई म्हणाल्या.
त्यानं चिमूट बोटांत चोळली, जिभेला लावली,
आणि लोखंडाचा आकडा सांगितला.
बाईंनी विचारलं, कुठल्या पुस्तकात?
तो म्हणाला, घरी.

फेब्रुवारीत तपासणी समिती आली.
'हे बाहेर म्हणजे नेमकं कुठे?'
माझ्या तळहाताला घाम.
सर खाकरले, टाय सरळ केला:
'खुलं वर्गदालन. आमचा नवा प्रयोग.'
समितीनं मान डोलावली. काजूगर खाल्ले.
यंदाच्या माहितीपत्रकात पान चारवर
बाई आहेत, पाठमोऱ्या,
आणि शेजारी खुर्च्या टाकून बसवलेली
डेटा सायन्सची बारा हसरी मुलं.

प्रजय पास झाला. कर्नाटकात कुठेतरी
बोअरवेलवाल्यांकडे लागलाय.
बाईंचा करार संपला,
जाताना माझ्या टेबलावर जांभ्याचा एक तुकडा,
फायलींवर ठेवायला.
फायली आता कोण ठेवतं?
पंख्याखाली मी उगीचच कागद काढून ठेवते.

यंदा भूशास्त्राला कुणी नाही.
हॉटेलवाले एक तास जास्तीचा मागतात,
पोर्तुगीजवाले दोन.
रजिस्ट्रार सर चौकटीवर बोट ठेवतात:
बुधवार, दोन ते चार, बाहेर.
ही जागा रिकामी का?

गळते, मी म्हणते.