खिशातला फ्यूज

आयटीआयला वायरमन ट्रेडला गेली माझी श्रीलता,
वर्गात चौतीस पोरं आणि ही एकटी.
पहिलं वर्षभर कुणी विचारलं तर मी सांगायची,
कॉम्प्युटर शिकतीय.

रात्री विड्या वळताना दोरा दिसेना मला.
कारखान्यात निम्मा माल बाजूला काढला एकदा,
तेव्हा ती गोल पांढरा दिवा घेऊन आली,
तीन रंगांची वायर, चिकटपट्टी, आणि स्वतःचा टेस्टर
पेनासारखा खिशाला लावून.

सोलापूरचा मे. दुपारचे तीन.
अशा वेळी मेन बंद कर म्हणणारी लेक
वैरीण वाटते.
अगं, नुसतं बटण बंद कर की,
तुझे बाबा तर चालू लायनीत हात घालायचे.
म्हणूनच, ती म्हणाली,
आणि पुढं बोलली नाही.
त्यांची उजव्या हाताची दोन बोटं
लूमच्या शेडमधून घरी आली ती वाकडीच,
भाकरीचा तुकडाही डाव्या हातानं मोडायचे नंतर.

तिनं आधी टेस्टर चालू सॉकेटमध्ये घालून बघितला,
खरं बोलतो का ते.
मग मेन पाडली, चिनी मातीचा फ्यूज उपटला
आणि खिशात टाकला.
बोर्डावर ठेव की.
नको अम्मा. खिशात असला
की बाहेरून आलेलं माणूस बसवत नाही.

बॉबिनचं खोकं मी पुढं केलं, तिनं पायानं सारलं.
लाकडी स्टूल शेजारून मागून आणलं,
रबरी चप्पल घातली, हात पदराला पुसले
(माझ्या पदराला),
चढली, कव्हर उघडलं,
वायरीला बोट न लावता टेस्टर टेकवला.

लाल.

घरातली सगळी वीज हिच्या खिशात
आणि छतात एक डोळा उघडा.

ती हळूच उतरली. घाबरली नव्हती,
चिडलीही नव्हती. नुसतं विचारलं,
ही लाईन कुठून येते?

मी सूप उचललं, पानं खाली-वर केली.
मी विसरले होते.
किंवा विसरायचं ठरवलं होतं, काय की.
तिचे बाबा गेले त्या साली मीटर कापलं होतं आमचं.
पलीकडच्या जब्बारभाईंनी भिंतीत भोक पाडून
एक वायर दिली,
पोरीचा अभ्यास होऊ दे म्हणून.
सहा महिन्यांनी मीटर परत लागलं,
पंखा, टीव्ही सगळं आमच्यावर आलं,
हा एक दिवा तसाच राहिला त्यांच्याकडं.
जब्बारभाई गेले. दिवा राहिला.
अकरा वर्षं.

खैरुनभाभी आली, तोंडात सुपारी.
हां, वो वायर, ती म्हणाली,
जणू कुणी जुन्या भाडेकरूचं नाव घेतलं.
तिचीही मेन पाडली, तिचाही फ्यूज खिशात.
टेस्टर आता काळा.
तरी पोरगी तिसऱ्या घरात जाऊन
टेस्टर पुन्हा तपासून आली. मी कपाळावर हात मारला.

मग जुनी वायर दोन्ही टोकांनी सोडवली,
भिंतीतून ओढून काढली.
कातडं सुटलेलं होतं दोन जागी,
आत तांबं हिरवं पडलेलं.
मी ती हातात धरली आणि
कुठं टाकावी कळेना.

लाल बटणातून, काळी सरळ,
हिरवी अर्थिंगला. हिरवी कशाला गं?
काही बिघडलं तर वीज हिच्यातून जमिनीत जाते,
तुझ्यातून नाही.
भाभी टॉर्च धरून उभी, हात अवघडला तरी हलली नाही.

भाभी, मी म्हटलं, अकरा वर्षांचं बिल...
ती हसली. बल्ब साठचाच होता अक्का.

फ्यूज बसला. मेन चढली. बटण.
चादरीवरचं मोर दिसलं, कोपऱ्यातलं जाळं दिसलं,
माझे हात दिसले, तंबाखूनं पिवळे,
मला वाटलं होतं त्यापेक्षा म्हातारे.
पटापटा पन्नास विड्या वळल्या मी त्या उजेडात,
एकही दोरा चुकला नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून भाभी ओरडली,
अगं ए इंजिनियर,
माझा फ्यूज?
अंधारात बसलीय मी, उकडतंय!

आणि श्रीलता खिसा चाचपत
अनवाणीच धावली.