पाणी पिकायला तीन आठवडे

म्हापशाहून टाकी आली, चार फुटी,
पिकअपमध्ये गादीवर निजून,
इस्पितळातून घरी आणलेल्या बाईसारखी.
बोस्त्यांवने फणसाच्या लाकडाचा स्टँड केला,
त्याचा एक पाय आखूड निघाला.
त्याखाली वीजखात्याच्या जुन्या पावतीपुस्तकाची घडी.

मग तीन आठवडे नुसतं पाणी.
फिल्टर घुरघुरतोय, दिवा जळतोय, आत कोणी नाही.
शेजारी डोकावून विचारत, मेले काय सगळे?
म्हटलं, पाणी पिकतंय.
आंबा पिकतो, फोड पिकतो, माझे केसही पिकले,
पण पाणी पिकतं
हे शेवंतीने पहिल्यांदाच ऐकलं.

शेवंती शापोऱ्याची, खारव्यांची.
लग्न होऊन आली तेव्हा
जुनी दीड फुटी टाकी बघून म्हणाली होती,
"नुस्तें पोसपाचें न्हय रे, रांदपाचें."
नऊ वर्षं तिने त्या काचेवरून फडकं फिरवलं,
फक्त बाहेरून.

रविवारी संध्याकाळी
जुन्या पाण्यासकट मासे बादलीत काढले:
दोन एंजल, अपुऱ्या जागेत पंख मिटून मोठे झालेले,
एक गुरामी, सहा मॉली,
आणि सकर, जो काच सोडेना,
भाडेकरूसारखा.
नव्या टाकीतून सलाईनची नळी बादलीत सोडली.
थेंब, थेंब.
दोन तास लागणार होते.

सात वाजून वीस मिनिटांनी फीडर गेला.
अख्खी साखळी काळी.
हवेचा पंप थांबला, बुडबुडे थांबले,
आणि माझा फोन वाजला.
अंधारात लाइनमनचाच फोन पहिला वाजतो.

बूट चढवता चढवता एवढंच म्हणालो,
वर येऊन तोंड उघडायला लागले तर...
"माशांचं मला शिकवतोस?"

टेकडीवर माडाची झावळ दोन तारांवर आडवी.
ओली, जड, एका टोकाला जळकी.
बॅटरी दातांत धरून ती खाली पाडेस्तोवर,
फ्यूज बांधेस्तोवर
मी एकाही गावकऱ्याचा विचार केला नाही, खरं सांगतो.
दहा मासे मोजत होतो.
दोन, एक, सहा, एक.

सव्वादहाला काठीने खटका वर ढकलला.
खाली बाजार उजळला, पूल उजळला,
आणि दत्ताच्या देवळामागे
एक निळी चौकट,
हातात मावेल एवढी.

घरी आलो तर शेवंती मेणबत्तीपाशी,
अजून विझवली नव्हती.
बादलीतून तांब्या भरायची, खांद्याएवढा उचलायची,
बारीक धारेने परत बादलीत सोडायची.
तीन तास. हात बदलून बदलून.
साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली.
"होडीच्या तळात बाबा जिवंत सुंगटं अशीच राखायचा,
गळाला लावायला," ती म्हणाली.
आणि मग, "दहा नाहीत, बारा आहेत."

दोन पिल्लं, तांदळाएवढी.
जुन्या फिल्टरमागे कधीपासून राहत होती, कोण जाणे.
बारा कुणी म्हणालं असतं
तर मी भांडलो असतो.

मी जाळं आणलं. नको म्हणाली.
ओंजळीने एकेक उचलून नव्या पाण्यात ठेवला,
हो, ठेवला, सोडला नाही.
सकर सगळ्यात शेवटी,
तिच्या तळहाताला चिकटून.
एंजल मधोमध जाऊन थांबला
आणि त्याने पंख उघडले.
एवढे मोठे होते ते, मला ठाऊक नव्हतं.

सकाळी बाजारातून तिने बांगडे आणले,
टाकीकडे पाठ करून आदोळीवर बसली,
खवले उडाले, हुमण झालं.
तिरफळाचा वास घरभर.
मी दोनदा भात घेतला.

पहिल्या घासाआधी मात्र ती उठली होती,
टाकीचा दिवा मालवून आली होती.