मला काय म्हणायचं

जुन्या मंडळीत मला नाव होतं. पाळकीणबाई.
बावीस वर्षं त्या नावानं
मी रविवारच्या शाळेत चित्रं चिकटवली,
मयताच्या घरी चहाची साखर नेली,
पेटीचा फाटलेला भाता दाभणानं शिवला.
इथं, रेल्वे लाइन्सच्या मागं,
फादर आहेत, सिस्टर आहेत, ब्रदर आहेत.
मला शब्द नाही.
पहिल्याच रविवारी एक पोरगा म्हणाला,
"फादरांची… मॅडम,"
आणि जीभ चावून पळाला.

रोमहून कागद आला तेव्हा मे होता.
पंखा नुसता गरम वारा ढकलत होता.
बिशपांच्या टेबलावरून ह्यांनी तो माझ्याकडं सरकवला.
पत्नीची संमती.
एक कलम मी दोनदा वाचलं :
मी आधी गेले तर ह्यांनी पुन्हा लग्न करायचं नाही.
माझं मरण इतक्या नीट टाइपात
मी कधी पाहिलं नव्हतं.
पेन चालेना.
"मिसेस उजागरे, घाई नाही," बिशप म्हणाले,
आणि आपलं पेन पुढं केलं.

मग ह्यांना सगळं नव्यानं दिलं.
डोक्यावर हात नव्यानं, तळव्यांना तेल नव्यानं.
बावीस वर्षं ह्यांनी मोडलेली भाकर
मग ती काय होती,
कुणी विचारलं नाही. ह्यांनीही नाही,
निदान माझ्यासमोर नाही.
लग्न तेवढं जुनंच चाललं.

मिस्सा साडेसहाला.
झग्याला इस्त्री मीच करते. कुणी सांगितलं नव्हतं,
कुणी थांबवलंही नाही.
फादर तुस्कानो, वसईचे, वय एकतीस,
बुधवारी आमच्याकडं जेवतात.
शेंगाचटणीनं डोळ्यांत पाणी येतं, तरी पुन्हा मागतात.
एकदा एलिशिबा गणितात नापास झाली
आणि हे ताटावरूनच तिच्यावर ओरडले,
तर तुस्कानो खाली बघत राहिले,
न्हाणीघराचं दार चुकून उघडल्यासारखे.
निघताना म्हणाले, "तुमच्याकडं आवाज असतो."
तक्रार होती की काय,
मी अजून ठरवलेलं नाही.

पूर्वी हे सगळं सांगायचे.
कोण पितो, कुणाची सून माहेराहून परतली नाही,
खजिनदारानं दानाचा हिशेब कसा लांबवला.
रात्री एका चादरीखाली
अर्धी मंडळी आमच्या मधे झोपायची.
आता शनिवारी
लाकडी जाळीमागं दीड तास बसून येतात,
हातपाय धुतात,
टॉवेलात तोंड घालून जरा जास्तच वेळ उभे राहतात.
मी विचारत नाही.
घरात एक खोली वाढलीय,
तिला माझ्याकडून दार नाही,
आणि त्या कागदात हिचं कलम नव्हतं.

काल दुपारी लूर्दम्मा आली.
काखेत विड्यांचं रिकामं सूप,
कारखान्यात माल देऊन परस्पर.
"फादर झोपलालेत का?"
म्हटलं, सोरेगावला गेलेत, आजाऱ्याकडं.
ती जाईना. उंबऱ्यावर टेकली.
तांब्याभर पाणी प्याली.
मग नवऱ्याचं बोलायला लागली,
अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत,
मधेच थांबून पिवळ्या बोटांची नखं बघत.
एका ठिकाणी तिनं ब्लाउजची बाही वर केली
आणि लगेच खाली ओढली.
मी म्हटलं, हे फादरांना सांग.
"त्यास्नी सांगितलंय की, शनिवारी.
पण तुमाला नवरा हाय."

ऊन उतरेपर्यंत बसली.
चप्पल घालताना म्हणाली, "येते, अक्का."

रात्री हे कडक भाकरी मोडत होते.
"कुणी आलं होतं?"
"लूर्दम्मा."
भाकरीचा तुकडा बोटांत राहिला.
"काय म्हणाली?"
"पाणी प्याली," मी म्हटलं,
आणि चटणीची बरणी त्यांच्याकडं सरकवली.