विध्यर्थ

समुद्रपूरला समुद्र नाही.
तरी परिपत्रक समुद्र ओलांडून आलं :
आधी कुठल्याशा बर्फाच्या शहरात, रात्रभर जागून, इंग्रजीत,
मग दिल्ली, मग मुंबई, मग मराठी,
आणि सोमवारी आमच्या ग्रामीण रुग्णालयात
ढोकबाबूंच्या चहाच्या कपाखाली.

प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर टाळावा.
प्रतिरोधाची आकडेवारी यथाशक्य कळवावी.
सदस्य राष्ट्रांनी परस्परांस साहाय्य करावे.

"कळवावी म्हणजे, कळवायचीच का?"
ढोकबाबू चष्मा कपाळावर चढवतात.
मला हिवरकर मास्तर आठवतात, सातवी ब.
आज्ञार्थ : कर. विध्यर्थ : करावे.
विध्यर्थात कर्तव्य असतं, इच्छा असते, नुसती शक्यताही असते,
कोणती ते वाक्यावरून ओळखा. दोन गुण.
मला एकच मिळाला होता.

आता मी जखमेतला बोळा नळीत घालते,
नळी बर्फाच्या डब्यात, डबा सकाळच्या एसटीत,
कंडक्टरच्या पायाशी, वर्ध्यापर्यंत.
चौथ्या दिवशी फोनवर निकाल :
अकरा औषधं, एकाखाली एक,
दहांपुढे आर.
अकराव्यापुढे एस.
ते जिल्ह्याच्या भांडारात नाही.

जखम बेबीनंदा झाडेची.
कोंबड्यांच्या शेडवर कामाला, खिळा रुतला.
तिथल्या पाण्यात रोज एक पांढरी पुडी पडते,
पक्षी लवकर भरतो म्हणे.
पुडी कुठल्या देशाची
ते विरघळल्यावर वाचता येत नाही.
तिनं मेडिकलमधून तीन गोळ्या आणल्या होत्या.
"दोन खाल्ल्या, बरं वाटलं जी.
एक बकरीले देल्ली."
बकरी खोकत होती.

ती तिसरी गोळी कोणत्या कलमात बसते,
मी परिशिष्टापर्यंत शोधलं.
पान सहावर 'बंधनकारक' शब्द होता,
त्याच्या आधी 'नसलेला'... नाही, चुकले,
मागे होता, पुढच्या ओळीत, एकटा.

जंतूंना विध्यर्थ शिकवलेला नाही.
त्यांना एकच रूप येतं : वाढ.

मी आकडेवारी भरली.
रुग्णाचे नाव लिहू नये, असं होतं, लिहिलं नाही.
स्त्री, बेचाळीस, उजवा पाय.
शेवटचा रकाना 'इतर माहिती',
त्यात बकरी मावली नाही.

दुपारी पट्टी बदलताना तिनं विचारलं,
"माहा पाय राहीन का जी?"

सिस्टर उईके कात्री शोधू लागल्या.
मी म्हटलं, राहावा.